रिकामा डबा

मंगळवार, जठारपेठ, अकोला

पाय भरून आले, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

शेजारच्या शमीमभाभीची केमो सुरू झाली तेव्हापासून मी रोज वरणभाताचा डबा देऊन राहिली. आज डबा परत आणायले जरा लवकर गेली, तर भाभी एका हातानं ओटा धरून रवा भाजत होत्या.

"भाभी, हे काहून?"

"तुले रिकामा डबा कसा देऊ वो?"

म्हणजे पंधरा दिवस त्या डब्यातून आलेला शिरा, चिवडा... आणि मी चवीनं खाल्लं! शेजारचं भांडं रिकामं परत करत नाही, हे मले माहीत नव्हतं? आजारी बाईले रोज गॅसपाशी उभं केलं आणि वर सगळ्यांले सांगत फिरली, मी डबा देते म्हणून.

गॅस बंद केला. त्यांले पलंगावर बसवलं.

"उद्यापासून दोघींचं ताट मीच आणते. सोबत जेवू. भांडे मीच नेईन."

डबा उचलला.

"रिकामा?" भाभी म्हणाल्या.

"रिकामाच."

भिंतीकडं तोंड करून शांत पडल्या. पंधरा दिवसांत माझ्याकडून एवढीच खरी मदत झाली.