सकाळी सातला गरम बॉनेट

माल्खाज,

तू बाजारात गेल्यावर मी अंगणात डोकावले. गाडीचं बॉनेट गरम होतं. रोज सकाळी मागच्या डाव्या अंगाला म्हशीसारखी बसलेली असते, ती आज नवरदेवासारखी ताठ उभी. म्हणजे बादरी ती विकत घ्यायला यायच्या आधीच तू ती सुरू करून, इंजिनाची खडखड थांबेपर्यंत तापवून ठेवलीस. तू बाजारात चक्क पायी निघालास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

मग टेबलावर सकाळी सकाळी वाइनचा घडा दिसला. एक पेला पोटात गेला की माझा भाऊ स्टिअरिंगला हात लावत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

दोन वर्षांत या गाडीने दोनदा सस्पेन्शन खाल्लं, एकदा गिअरबॉक्स. गॅरेजवाल्याने तुला उगाच नाही आपल्या मुलाचा धर्मपिता केला. आणि बादरी स्वतःची व्हॅन विकून हिच्यातून पर्यटकांना काझबेगीच्या घाटात नेणार म्हणतोय.

चावी मी कामावर नेतेय. बादरीला फोन करून सकाळऐवजी संध्याकाळी सहाला बोलावलंय. कारण सांगितलं नाही. येताना एखादा मेकॅनिक घेऊन ये, एवढंच म्हटलं. तर हसायला लागला. म्हणाला, "दाजींचीच गाडी ना, ताई? मग मेकॅनिक कशाला?"

याचं उत्तर सहापर्यंत तू शोधून ठेव.

एतेरी