बाबांची खोली चौथ्या मजल्यावर

हायफॉंग, १२ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. थोआताईस,
लुआनचा शि. सा. न. वि. वि.

एकदाचं नवं घर लागलं. दीड खोलीतल्या संसाराने चार मजले भरायचे म्हणजे वाटीभर भात मोठ्या पातेल्यात पसरण्यासारखं होतं. म्हणून मी फणसाच्या लाकडाची कोरीव बैठक घेतली. तुझी भावजय मिएन म्हणते, आता पाहुणेही विकत आण. कपाट जिन्यात अडकलं, तेव्हा दोर बांधून खिडकीतून चढवलं. सगळी गल्ली जमली, प्रत्येकाने सल्ला दिला, दोराला हात मात्र कोणी लावला नाही. आई त्या बैठकीवर बसत नाही. पाय टेकत नाहीत म्हणते आणि शेजारी प्लास्टिकचं स्टूल घेऊन विडा चघळते.

बाबांना चौथ्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली आहे. त्यांच्या डोक्यावर कोणाचं पाऊल पडायला नको. त्यांचा फोटो आणि पितरांपुढच्या उदबत्त्यांचं भांडं मी छातीशी धरून वर नेलं, चिमूटभर राख सांडू दिली नाही. आईलाही आम्ही दोघांनी धरून नेलं होतं, पण तिला फार धाप लागली. डॉक्टरांनी जिना बंद केला आहे, हृदय थकलंय म्हणाले. मी रोज तिच्या वतीने उदबत्ती लावतो.

दाजींच्या गुलाबांना नमस्कार. तुझ्या पत्रात हल्ली तेच असतात. भावासाठीही चार ओळी राखून ठेवाव्यात.

तुझा,
लुआन

-----

दालात, २५ ऑक्टोबर

चि. लुआन यास,
अ. उ. आ.

गुलाब उलट उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते. बैठकीचं कौतुक वाटलं. चार मजले म्हणजे तुझी मान आता कायम वरच असणार.

आईने शेजारणीकडून मला चिठ्ठी लिहवून पाठवली. घर छान आहे, नळाला पाणी आहे, सून जेवायला वेळेवर वाढते, असं सगळं आहे. शेवटी लिहिलंय, तुझे बाबा लांब राहायला गेले. ती ओळ वाचून मला पुढे कामच सुचेना.

लुआन, जुन्या खोलीत बाबा तिच्या खाटेजवळ, कपाटावर होते. पालक किती महागला, तू किती उर्मट झालास, सगळं ती त्यांना सांगून मगच आडवी व्हायची. तिच्या वतीने उदबत्ती लावता येते रे, बोलणार कसा? बाबांना खाली, तिच्या खोलीत आण.

मिएनला आशीर्वाद. माझा राग मानू नकोस, मानलास तर पत्रातून कळव.

तुझी,
ताई

-----

हायफॉंग, ६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग मानलाच. दालातमध्ये बसून सल्ला देणं सोपं आहे. एकदा बसवलेलं भांडं उठसूट हलवतात का? आणि बाबा खाली आले तर त्यांच्या डोक्यावर आमचा पलंग, त्यावर लिएनची खोली. मुलगी बापाच्या बापाला तुडवत अभ्यास करणार का? मोठे काका मला दारात उभं करणार नाहीत.

पण तुला खरं सांगतो. हल्ली आई जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर तोंड करून बोलते. ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलते. समोरच्यांना वाटलं, ती मिएनला रागावते आहे. मिएन आत जाऊन रडली. मला काय करावं कळत नाही.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
लुआन

-----

दालात, १४ नोव्हेंबर

चि. लुआन यास,
अ. उ. आ.

वर झोपायचं नसेल तर झोपू नका. त्या खोल्या रिकाम्या ठेवा. जुन्या खोलीच्या वर डॉक्टरीणबाईंची चार मुलं वीस वर्षं धुडगूस घालत होती, तेव्हा बाबांनी कधी तक्रार केली नाही.

आई किती दिवस आहे, तुला माहीत नाही, मलाही नाही. मोठ्या काकांना माझं नाव सांग. लहानपणापासून सगळं माझ्यावर ढकलायची तुला सवय आहेच.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

-----

हायफॉंग, २३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस. आईच्या खोलीवरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या केल्या. कपाट पुन्हा खिडकीतून उतरलं, गल्ली पुन्हा जमली. आता आम्ही तिघं पुढच्या खोलीत, बैठक भिंतीला सारून जमिनीवर झोपतो. लिएनचा पाय माझ्या पोटात असतो. आईने दारातून पाहिलं आणि हसत म्हणाली, आत्ता कुठे आपलं घर वाटलं.

पुजाऱ्यांना विचारून आलो. आईच्या आणि बाबांच्या जन्मवर्षांना जुळणारा दिवस डिसेंबरच्या मध्यावर आहे. आई म्हणत होती, आजच आण. मी तिला समजावलं की वावगं काही करायला नको, इतकं थांबलीस, थोडं आणखी थांब. तिने आपल्या खोलीत बाबांसाठी फळी पुसून ठेवली आहे आणि रोज पुसते.

तू म्हणशील ते खरं, असं आजच्यापुरतं मानणारा,
लुआन

-----

दालात, २० डिसेंबर

चि. लुआन यास,
अ. उ. आ.

गाडी उशिरा पोचली, पण सुखरूप आले. तुझी तार आली त्या दिवशी दाजींनी गुलाबांना पाणी घातलं नाही, एवढं त्यांचं प्रेम होतं आईवर.

तू स्टेशनवर पाच-सहा वेळा म्हणालास, मुहूर्ताला चारच दिवस उरले होते. आता ते म्हणत बसू नकोस. तू वाईट केलं नाहीस, भीत भीत चांगलं केलंस. मीही तुला दिवस पाहू नकोस म्हणून लिहिलं नव्हतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. नुकतं गेलेलं माणूस पितरांत लगेच बसत नाही, शंभर दिवस त्याच्या पूजेचं टेबल वेगळं, खालीच, हे मला माहीत आहे. तरी निघताना मागे वळून पाहिलं तर आईचा फोटो एकटाच होता. वर बाबा, खाली ती. मेल्यावरसुद्धा तिला जिना आडवा आला.

जेवत जा. मिएनला जप.

तुझी,
ताई

-----

हायफॉंग, २ जानेवारी १९९८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल बाबांना खाली आणलं. पुजाऱ्यांना विचारलं नाही, काकांना सांगितलं नाही. शंभर दिवस व्हायचेत, हेही माहीत होतं. भांडं घेऊन उतरताना दुसऱ्या मजल्यावर राख सांडली. मिएनने तिला केरसुणी लावली नाही, ओंजळीने गोळा करून पुन्हा भांड्यात घातली. लिएनने दोन्ही फोटो जवळ सरकवले.

काका येऊन बोलतील. बोलू देत. वरच्या खोल्या आता आम्ही वापरणार नाही.

उदबत्ती लावली. मग मी मोठ्याने सांगितलं, आई, बाबांना आणलंय. ताई, एवढं एक वाक्य बोलायचं होतं गं. ते ऐकायला ती इतके दिवस फळी पुसत बसली होती.

आता मला रागावणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. तेवढं करत राहा.

तुझा,
लुआन