ओल्या लाकडाचं दार

तिनतिनचा माळ, पायोगास्ताच्या वर
१४ जुलै २०१९

फेर्मिन यास,

आईचे आशीर्वाद. ती बरी आहे, मी बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत. हिवाळा कडक आहे, गेल्या आठवड्यातल्या दहिवरानं दोन करडं गेली, बाकी सगळं ठीक. वारा सुटला आहे. पत्राची रीत इथं संपली. आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणते.

हे पत्र मी आपल्या मनानं लिहीत नाही. आईनं चार दिवस झाले माझ्याशी बोलणं टाकलं आहे. माते चहाचा पेला पुढे केला की मान फिरवते. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दिसत नाही, गुडघे वाकत नाहीत, पण अबोला कसा धरायचा ते अजून नीट जमतं तिला. आज सकाळी तिनं एकच वाक्य टाकलं, "त्याला लिही." म्हणून बसले. पत्ता मारियेलाकडून मिळाला. तू तिच्याकडे चिठ्ठीवर लिहून ठेवून गेलास म्हणे.

मारियेला म्हणजे शेजारच्या ग्वानुकोंची मुलगी. तू गेलास तेव्हा रांगत होती. आता राष्ट्रीय पार्कात वनरक्षक आहे. तू जो गणवेश घालून मिरवायचास तोच घालते, आणि तिला तो तुझ्यापेक्षा शोभतो. तीच सांगत आली.

"मावशी, बुधवारी ब्वेनोस आयरेसची बस आली होती. चाळीसेक माणसं. सगळी उंच कार्दोन निवडुंगांकडे पाठ करून फोटो काढत होती आणि एक गृहस्थ एकटेच खाली जमिनीकडे बघत फिरत होते. मी म्हटलं, काय हरवलं का, साहेब? तर म्हणाले, लहान कार्दोन शोधतोय, झुडपाच्या सावलीला असतात ना, बोटाएवढे. आता मला सांगा, बसमधून आलेल्या माणसाला हे कसं ठाऊक?"

"पुस्तकात वाचलं असेल," मी म्हटलं.

"मग त्यांनी विचारलं, तो समोरचा मोठा किती वर्षांचा. मी म्हटलं, अडीचशेचा तरी असेल. तर हसले नि म्हणाले, जास्तीच धर."

तेव्हा माझ्या हातातली लोकर खाली पडली, फेर्मिन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू प्रवासी म्हणून आलास? गळ्यात बसवाल्यांचं कार्ड अडकवून, आखलेल्या वाटेवर रांगेत उभा राहून, तू आपलाच माळ बघायला आलास? ज्या कार्दोनचा काटा तुझ्या टाचेतून काढून त्याच काट्याच्या सुयांवर मी तुझे मोजे विणले, त्याचं वय तू परक्या पोरीला विचारतोस? ती पोर तुला माहिती देत होती आणि तू मान डोलवत ऐकत होतास. तुला हसू आलं असेल. मला नाही आलं.

आणि ती तुझी बायको. गुलाबी कोटातली, इथल्या उंचीवर डोकं दुखतं म्हणून बसमध्येच बसून राहिलेली. मारियेलानं तिच्यासाठी चघळायला कोकाची पानं दिली तर म्हणे तिनं ती हातरुमालात गुंडाळून ठेवली. असो. तिचा काही दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नसेल की समोरच्या टेकडीमागे सासू आहे.

मारियेलानं मला चौकीतली वहीही दाखवली. पाहुण्यांनी नाव लिहायचं, मग कुठून आलात ते लिहायचं. तुझं नाव, आणि पुढे 'ब्वेनोस आयरेस'. मी म्हटलं, झालं, ब्वेनोस आयरेसचा झाला हा. तर ती म्हणाली, "मावशी, नीट बघा. आधी 'इथलाच' लिहिलंय, मग खोडलंय." मी म्हटलं, खोडलंय ना, मग खोडलेलं वाचायचं कशाला.

एकोणीस वर्षं. एक ओळ नाही, एक निरोप नाही. आई दर रविवारी विचारायची, फेर्मिनकडून काही? मी म्हणायची, नाही. पुढेपुढे तिनं विचारणं सोडलं, फक्त रविवारी केस विंचरून बसायची. आणि तू घरापासून वीस मिनिटांवर येऊन, फोटो काढून, परत बसमध्ये चढलास. वाट वाकडी करावीशी वाटली नाही तुला.

आईनं लिही म्हटलं, मी लिहिलं. बाकी काही नाही.

निकासिया

१५ जुलै

पत्र अजून इथंच आहे. काल आईला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, डोळे मिटून. मग म्हणाली, "हे सगळं तू बसमधल्या माणसाला लिहिलंस. दाराशी आलेल्या माणसाला कधी लिहिणार?"

मी कागदाची घडी घालू लागले. ती म्हणाली, "मी आंधळी आहे गं, बहिरी नाही."

तेव्हा लिहिते. वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आईलाही ठाऊक होतं. तू वाट वाकडी केलीस.

मी तुला टेकडीवरून उतरताना पाहिलं. चालण्यावरून ओळखलं, डावा पाय अजून तसाच बाहेर टाकतोस. मी आत आले, दार ओढलं आणि त्याच्यामागे उभी राहिले. कार्दोनच्या फळीचं दार. त्या लाकडाला जन्मजात भोकं असतात, आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काही नाही. पण आत कुणी उभं राहिलं की त्या भोकांतला उजेड जातो, हे आपण दोघं लहानपणापासून जाणतो. तू दाराकडे पाहिलंस आणि थांबलास. मी तिथं आहे हे तुला कळलं होतं. तरी मी हलले नाही.

तू दोनदा ठोठावलंस. "निका," म्हणालास. तुझा आवाज बाबांसारखा झालाय.

आतून आईनं विचारलं, "कोण आहे गं?"

मी म्हटलं, "वारा."

आई म्हणाली, "वारा दोनदा ठोठावत नाही."

मग तू खाली वाकलास आणि दाराखालच्या फटीवरून हात फिरवलास. चांगली चार बोटं रुंद फट आहे ती. मला वाटलं, आता म्हणशील. आता हा म्हणेल की बघ, ओलंच होतं ना. म्हणाला असतास तर मी दार उघडून तुझ्याशी भांडले असते आणि सगळं सुरळीत झालं असतं. पण तू उठलास आणि माझ्या छातीच्या उंचीवरच्या भोकातून बोट आत घातलंस.

लहानपणी आईच्या खोलीच्या दाराशी आपण हेच खेळायचो. बाहेरच्यानं बोट घालायचं, आतल्यानं ते झटकन पकडायचं. तू कधी बोट वेळेवर काढून घ्यायचा नाहीस. मी पकडायची आणि तू हसत सुटायचास.

बुधवारी तू ते काढून घेतलं नाहीस. किती वेळ ठेवलंस ते मला सांगता येणार नाही. नख काळं पडलंय, सांधा सुजलाय. मी बघत उभी राहिले. रस्त्यावरून बसचा भोंगा वाजला, मग पुन्हा वाजला, तेव्हा ते बोट गेलं आणि भोकातून ऊन आत आलं.

आता त्या फटीबद्दल. तुला सांगायची गरज नाही, पण लिहून झालं पाहिजे, कारण हे मी आजवर कुणापुढे म्हटलेलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. लोकांनी माझी आशा सोडली होती. काचीहून आन्सेल्मोची माणसं येणार, आम्ही दोघांनी राहायची नवी खोली बघणार. बाबांनी वाळून उभा असलेला एक कार्दोन शोधून ठेवला होता. पण तो बारीक, त्याच्या फळ्या जेमतेम वीतभर. मला रुंद फळ्यांचं दार हवं होतं, देवळाच्या दारासारखं. पाणवठ्याजवळ तो सात हातांचा उभा होता ना, त्याच्याएवढं रुंद. मी म्हटलं, तोच हवा. बाबा म्हणाले, तो जिवंत आहे पोरी, ओल्याला हात लावत नाहीत, आणि आता तर पार्कही झालंय, तोडायला बंदी आहे. मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी ते कुऱ्हाड घेऊन गेले.

संध्याकाळी तू गणवेशात घरी आलास. नोकरीला लागून तुला दोन वर्षंही झाली नव्हती. तू विचारलंस, "बाबा, पाणवठ्याचा कार्दोन वाळला होता का?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, "वाऱ्यानं पडला."

तेव्हाही मी वाराच म्हटलं. हे मला काल रात्री अंथरुणात आठवलं.

तू जाऊन बुंधा बघून आलास. तो ओला होता, पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी तू चौकीच्या वहीत स्वतःच्या बापाचं नाव लिहिलंस. त्यांना सगळ्या गावासमोर गुन्ह्याच्या कागदावर अंगठा उठवावा लागला. मी तिथं उभी होते. मूग गिळून बसले, कारण लग्नाला नऊ दिवस होते.

दोन हिवाळ्यांनी बाबा छातीच्या दुखण्यानं गेले. खड्ड्यावर माती पडत असताना मी सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "तू मारलंस त्यांना. या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस." तू गणवेश चौकीत ठेवलास आणि खालची बस धरलीस. तू मला उत्तर दिलं नाहीस याचा राग मी इतकी वर्षं पोसला. तुझ्याकडे उत्तर होतं. सगळ्यांसमोर म्हणू शकला असतास की हिनं मागितला म्हणून तोडला. तू म्हणाला नाहीस. मला त्याचाच जास्त राग येतो, फेर्मिन, अजूनही येतो. एवढा शहाणपणा कशाला करायचा माणसानं.

दार वर्षभरातच वाकलं. ओलं लाकूड वाळताना पिळलं गेलं. वरून लावलं तर खालून उघडतं. सुतार चोकोबार एकदा बघायला आला, त्यानं हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि माते न घेताच गेला. इथल्या प्रत्येकाला ते दार वाचता येतं. कुणी कधी बोललं नाही. मीच सगळ्यांना सांगत राहिले की भावानं बापाला मारलं, आणि ते माझ्या त्या दाराकडे बघत ऐकत राहिले.

अजून एक आहे. यासाठीच आईनं मला बसवलंय, तिला ठाऊक नसतानाही. हे तिलाही आजच कळेल, वाचून दाखवेन तेव्हा.

बाबा गेले त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते. दाराखालून वाळू आत येत होती. ते बघत म्हणाले, "लागत नाही ना गं." मी म्हटलं, "नाही लागत." ते म्हणाले, "लागणार नाही. ओलं होतं." मग म्हणाले, "फेर्मिनला सांग, त्यानं बरोबर लिहिलं. मी रागावलेलो नाही म्हणावं."

मी हो म्हटलं.

हा निरोप तुझा होता. त्यांना पुरताना तू खड्ड्याच्या पलीकडे उभा होतास, चार पावलांवर, आणि मी तो तुला दिला नाही. त्याच्या जागी ते दुसरं वाक्य दिलं. एकोणीस वर्षं तू माझं वाक्य घेऊन जगलास आणि बाबांचं मी दाबून ठेवलं. आता दिला. त्यांच्याच शब्दांत, मी काही जोडलेलं नाही.

१ ऑगस्टला धरतीमायला जेवू घालायला तिचं तोंड उघडायचं आहे, नेहमीच्याच जागी, गोठ्यामागच्या दगडांखाली. तू विसरला नसशील की तिथं जोडीनं गुडघे टेकतात, एकट्यानं तिला जेवू घालत नाहीत. आन्सेल्मो होता तोवर तो माझ्या शेजारी टेकायचा, तो गेल्यावर आई. यंदा तिचे गुडघे वाकत नाहीत. काल तिनं विचारलं, "तुझ्या शेजारी कोण बसणार?" मी म्हटलं, मारियेलाला बोलावेन. ती म्हणाली, "मारियेला तुझ्याशी भांडलेली नाही."

तेव्हा ये. त्या गुलाबी कोटवालीलाही आण. कोका चावायला मी शिकवीन, डोकं दुखायचं राहील. करडू कापू. बसनं आलास तरी चालेल, पण बसबरोबर परत जायचं नाही.

हे वाचून तुला माझा राग आला तर तो इथं घेऊन ये, तिकडे बसून नको. मी ऐकून घेईन. निम्मं तरी ऐकून घेईन.

दार मी बदललेलं नाही. मारियेला म्हणते, मावशी, पत्र्याचं बसवून देऊ. नको म्हटलं. ते लागत नाही, त्यामुळे ढकललंस तरी उघडेल. पण ढकलू नकोस. दोनदा ठोठाव आणि बोट घाल.

धरायला आत उभी असलेली,
निका