पायाखालचा पत्रा

मी, खाली सही करणारी निवृत्त भूगोल शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शांत डोक्याने आणि कोणाचाही आग्रह नसताना लिहीत आहे. या वयात वेल्डिंग शिकणारी बाई भानावर असेल का, अशी शंका चिरंजीवांनी बोलून दाखवली, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर चिरंजीवांना मिळावे. भिंत पाडून हॉल मोठा करायचा की नाही, ते त्यांनी ठरवावे; मी बघायला नसेन. बँकेतील ठेवी मुलगा व मुलगी यांत सारख्या वाटाव्यात. दागिने सून आणि मुलगी यांनी आपसांत ठरवून घ्यावेत व माझ्या माघारी रुसू नये.

२. घरामागची शेड मात्र, आतली जुनी मोटार दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत, मुलीच्या ताब्यात राहील. चिरंजीवांनी भंगारवाल्याला बोलावून मोटार दाखवली, हे मला ठाऊक आहे. भंगारवाला सरळ माणूस आहे, त्यानेच येऊन सांगितले.

३. ही मोटार माझ्या दिवंगत पतींनी धाकट्या भावाकडून, म्हणजे माझ्या दिरांकडून घेतली. दिरांचे रंगाचे दुकान आहे. मोटार आरशासारखी चमकत होती. ह्यांनी दाराखाली चुंबक लावले, ते खाली पडले.

"चुंबक जुनं झालंय, दादा," दीर म्हणाले.

गंजाची भोके लांबीने बुजवून वर रंग मारलेला होता, आणि लांबीला चुंबक चिकटत नाही. ह्यांना ते कळले, पण भावाला तोंडावर खोटे पाडणे त्यांना जमत नसे. मला जमले असते, मला कोणी विचारले नाही. ते चुंबक शेडमध्ये खिळ्यांच्या डब्यात आहे. ते दिरांना द्यावे. अजून चांगले चिकटते.

४. दुकानाची जुनी पाटी कुठे गेली, असे दीर अनेकदा विचारतात. ती मोटारीत आहे, मागच्या सीटपुढे, जमिनीला. सडका पत्रा कापला की त्या जागी नवा लागतो, आणि बाजारात जाण्यापेक्षा घरातला उचलणे ह्यांना सोपे वाटे. डिकीचा तळ ही आमच्या वॉशिंग मशीनची एक बाजू आहे. सुनेच्या लोखंडी कपाटाची पाठ चालकाच्या सीटखाली आहे.

"बाबा, माझ्या कपाटाला पाठच नाहीये," ती म्हणाली होती.

"भिंतीला टेकलंय ना? मग पडणार नाही," हे म्हणाले.

तेव्हा मोटार भंगारात काढणे म्हणजे निम्मे घर भंगारात काढणे होय, याची चिरंजीवांनी नोंद घ्यावी.

५. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि डोळ्यांपुढे धरायची काळी काच मुलीला द्यावी. जावई दातांचे डॉक्टर आहेत. ह्यांचे काम घरात पहिल्यांदा त्यांनाच समजले. "सडलेलं सगळं काढल्याशिवाय भरायचं नाही, बाबा," असे ते म्हणाले, त्या दिवसापासून ह्यांनी त्यांना दात दाखवायला सुरुवात केली.

६. माझ्या बाजूचे दार नीट लागत नाही. दाराखालची पट्टी कापताना ह्यांनी आतून आधार द्यायचे राहून गेले आणि मोटार मधोमध बसली. फेरीला जाताना ते दार मी हाताने धरून बसे.

"धरलंस ना?" हे वळणावर विचारत.

"लग्न झाल्यापासून," मी म्हणे.

ते दार आहे तसेच ठेवावे.

७. आता एकच भोक उरले आहे, माझ्या पायाखालचे. "तुझ्या बाजूचं शेवटी, निवांत करू. तोवर पाय वर घे," असे हे म्हणत. निवांतपणा आला नाही, हे गेले. मग मी मुलीकडून वेल्डिंग शिकले. माझे टाके कोंबडी चालून गेल्यासारखे येतात असे ती म्हणते. शिवाय मोटारीखाली मी शिरते, पण मला बाहेर काढायला दोघे लागतात. म्हणून हे काम मुलीने करावे.

त्यासाठी पत्रा असा: घराच्या दारावर आम्हा दोघांच्या नावांची पाटी आहे. घर चिरंजीवांचे झाले की त्यांची लागेल, लागावीही. जुनी काढून त्या भोकावर बसवावी. ती लोखंडी आहे, मी चुंबक लावून पाहिले. कडांचा रंग घासून काढावा. एक टाका मारला की दुसरा समोरच्या बाजूला मारावा, मधे गार होऊ द्यावे. घाई केली तर पत्रा वाकेल आणि नावे जळतील. अक्षरे वरच्या बाजूला ठेवावीत. त्यांवर पाय पडेल म्हणून कोणी संकोच करू नये, आम्हाला चालेल. लांबी अजिबात वापरू नये.

८. नंतर सर्वांनी एक फेरी मारावी. मुलीने चालवावे. दिरांनी मागे, आपल्या पाटीवर पाय ठेवून बसावे. माझ्या जागी चिरंजीवांनी बसावे आणि दार धरावे. परत आल्यावर शेड चिरंजीवांची, मोटार मुलीची.

स्थळ: घरामागची शेड
दिनांक: ९ ऑक्टोबर

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
(सही) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, ठिणग्यांबद्दलची तक्रार मागे घेऊन
(सही) कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले

ता. क. पाटी मी असेपर्यंत दारावरच राहील. चिरंजीवांनी आत्तापासून स्क्रू सैल करू नयेत.