पुसल्या गेलेल्या सहा हजार चारशे बारा शब्दांबाबत

मी, चंद्रकला भैय्यालाल नंदागवळी, वय अडुसष्ट, निवृत्त टंकलेखन शिक्षिका, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. साखर आणि रक्तदाब औषधाने आवरलेले आहेत. राग मात्र कोणत्याही औषधाविना जसाच्या तसा आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने करीत नाही. लाडीगोडी लावायला तीन वर्षांत कोणी उंबऱ्याशी आलेलेही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी स्वतः टाइप केले आहे, त्यामुळे चुका शोधू नयेत, सापडणार नाहीत.

१. माझ्यामागे या कागदाची अंमलबजावणी माझी जुनी विद्यार्थिनी भावना बोरकर हिने करावी. तिला यातून काहीही मिळणार नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये.

२. विहारातल्या बायांनी वंदना घ्यावी. तेरवी नको. मोबाइल दुकानदार वीरेंद्र याने शोकसभेत बोलू नये. गावात कोणीही गेले तरी तो बोलतो आणि शेवटी दुकानाचा पत्ता सांगतो.

३. बँकेतली ठेव विहाराच्या वाचनालयाला द्यावी. तिन्ही टाइपरायटर शाळेला द्यावेत. इंग्रजी मशीनचा 'ई' अडकतो, हे सांगूनच द्यावे.

४. वरील वीरेंद्रलाही मी काही ठेवून जात आहे. माझा संगणक २००७ सालचा. पुढे तो सुरू होईपर्यंत भाताला उकळी येऊ लागली, म्हणून मी वीरेंद्रला घरी बोलावले. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. पाच माणसांपुढे म्हणाला, "मॅडम, हा डब्बा भंगारात देऊन टाका. किलोच्या भावानं जाते." त्या डब्ब्याच्या आतले घड्याळ चालवणारा, आता वाळलेला सेल मी कागदात बांधून ठेवला आहे. तो वीरेंद्रला द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

५. आता घर.

दोन खोल्या, पडवी, मागची विहीर. हे घर संघपाल याला हवे आहे. संघपाल माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याचे आईवडील लवकर गेले आणि तो बारावीपर्यंत याच घरात वाढला. मला मूलबाळ नाही. तो मला मोठीमाय म्हणे. पुण्याला कंपनीत लागला आणि दोन वर्षांत मोठीमायची 'काकू' झाली. "काकू, कशा आहात?" मी म्हटले, काकू असेल तशी असेल, मोठीमाय बरी आहे.

त्याने काय केले ते नीट लिहिते. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा हद्दीचा कीस सगळ्यांनी काढला. बोली कुठे तुटते हे कोणी बघितले नाही. २००५ पासून मी दोन्हीकडे फिरून झाडीबोलीचे शब्द गोळा केले. बांधीचे म्हणजे धानाच्या शेताचे, बोडीचे म्हणजे तळ्याचे, रोवण्याचे, माशांचे, शिव्यांचे. आंधळगावच्या बायजाबाईने एकटीने चारशे दिले. कारध्याच्या शकुनबाईने नदीचे सगळे दिले. एकूण सहा हजार चारशे बारा. आधी चिठ्ठ्यांवर, मग संगणकात. "कागद कशाला ठेवता काकू, मशीनमध्ये आहे ना," हे वाक्य संघपालचे. त्या चिठ्ठ्यांवर मी हिवाळाभर अंघोळीचे पाणी तापवले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने पेनड्राइव्ह पाठवला. जुन्या संगणकासाठी विंडोजच्या जागी हलके लिनक्स घालता येते, त्याने मशीन पुन्हा धावेल, म्हणाला. इथवर त्याचा उपकार मान्य आहे. मी फोन कानाला लावून बसले, तो सांगेल ते दाबत गेले. मध्येच मी पुसले, "माह्या शब्दाइचं काय होईन रे?"

तो ऑफिसात होता, घाईत होता. म्हणाला, "काकू, सगळं पुसूनच इन्स्टॉल होणार."

"पुसूनच होते ना? मंग भेव कायचा!"

आमच्याकडे पुसणे म्हणजे विचारणे. "मले पुसून जाजो," हे मी त्याला लहानपणी रोज बजावत असे. पाटी पुसतात तेही पुसणेच, हे मला ठाऊक नाही असे नाही. पण घरच्या माणसाच्या तोंडून शब्द आला की आधी घरचा अर्थ कानात शिरतो. मला वाटले, मशीन विचारेल, बाई, तुमचे शब्द ठेवू का? मशीनने विचारले नाही. पट्टी सरकत गेली. संगणक चाळीस सेकंदांत सुरू झाला आणि आत काही नव्हते.

मी म्हटले, "माही फाइल दिसून नाही राहिली." तो हसला. म्हणाला, "पुसली ना, काकू! पुसणे म्हणजे पुसणे. सगळ्या महाराष्ट्राला कळतं." फाइल गेली याला कदाचित मी क्षमा केली असती. या हसण्याला नाही.

भंडाऱ्याला नेऊन दाखवले. काही निघाले नाही. तोवर बायजाबाई गेली होती, पुढच्या उन्हाळ्यात शकुनबाई गेली. पुसायचे तर कोणाला?

म्हणून अट अशी. माझ्यामागे पाच वर्षांत संघपालने सहा हजार चारशे बारा शब्द पुन्हा गोळा करावेत. एकही कमी चालणार नाही. प्रत्येक शब्दापुढे देणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे. स्वतः दारोदार जावे, फोनवर नाही. लोकांशी घरच्या बोलीत बोलावे. "ओ काकू" म्हणून मिळालेला शब्द भावनाने बाद धरावा. टंकन याच घरात, याच संगणकावर करावे. लॅपटॉप उंबऱ्याच्या आत आणू नये. यादी पुरी झाली तर घर त्याचे. न झाल्यास घर वाचनालयाचे, आणि दारावर पाटी लावावी: 'हे घर संघपाल नंदागवळी यांना मिळणार होते.'

६. संगणकातले लिनक्स कोणी काढू नये. उत्तम चालते. गुन्हा त्याचा नाही.

७. हे कलम लिहायचे नव्हते. काल मसुदा वाचून भावनाने विचारले, "मॅडम, एंटर कोनं दाबलं होतं?"

"तुले काय कराचं हाय?"

"मीच हे सगळं अंमलात आननार, म्हनून पुसून राहिली. तुमी विहारात चौथं शील म्हनता. खोटं बोलनार नाही म्हनून. संघपाल तं तवा पुन्यात होता."

मी तिला चहा न देता पाठवले. रात्रभर बरे वाटले नाही, म्हणून लिहिते. एंटर मी दाबले. त्याआधी पडद्यावर इंग्रजीत ठळक इशारा आला होता. तो माझ्या डोळ्यांखालून अक्षर अन् अक्षर गेला. पण टायपिस्ट अक्षरे बघतो, अर्थ बघत नाही. चाळीस वर्षे मी पोरींना हेच शिकवले.

संघपालला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तीन वर्षे मी साऱ्या नात्यागोत्यात त्याच्या नावाने बोटे मोडली. लग्नाकार्यात लोकांनी त्याला तोंडावर विचारले. त्याने एकदाही सांगितले नाही की बटण मोठीमायने दाबले. त्याचा हा चांगुलपणा मी पाहिला आहे.

कलम पाचमधली अट कायम आहे.

वरील सर्व मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: चंद्रकला भैय्यालाल नंदागवळी

साक्षीदार:
१. गोपीचंद बाबूलाल रामटेके, निवृत्त पोस्टमन, अड्याळ
२. शालू भोजराज वासनिक, अंगणवाडी सेविका, अड्याळ

ठिकाण: अड्याळ
दिनांक: ९ डिसेंबर २०१९