पाचवा अंगठा

१४ जुलै

जुन्या फोनला नवीन मोठं अपडेट येणार का? आज नोकरीचा पहिला दिवस, आणि दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला हेच विचारलं. मला उत्तर येत नाही. कंपनीच्या पानावर ‘निवडक जुन्या मॉडेल्सना टप्प्याटप्प्याने’ एवढंच लिहिलं आहे. निवडक म्हणजे कोणते आणि टप्पा म्हणजे कधी, ते कंपनीच जाणे.

तरी दिवस छान गेला. हंसाबेनचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान अर्नाळ्याच्या बसस्टॉपसमोर आहे. मागच्या खिडकीतून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या दिसतात. पावसाळ्याची मासेमारी बंद आहे, त्यामुळे सगळ्यांना वेळच वेळ. कोणी जाळी विणतंय, कोणी होडीला रंग लावतंय, आणि उरलेले फोन घेऊन आमच्याकडे.

हंसाबेननं पहिला धडा दिला. आपल्याला माहीत नसलं ना, तर ‘येणार, येणार’ बोलायचं. गिऱ्हाईक पण खूश, आपण पण खूश. मी म्हटलं, मी खोटं सांगणार नाही. त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, बी.एस्सी. झालीस ना, म्हणून. महिनाभर थांब.

घरी नालासोपाऱ्याला पोचले तर आईचे शेजारच्या चार खोल्यांत पेढे वाटून झाले होते. आमच्या घरात आजवर कोणी टेबल-खुर्चीवर बसून नोकरी केली नाही. बाबा वसईच्या गाळ्यात उभ्यानं पॅकिंग करतात. मी मनाशी ठरवलंय: फोन जुना झाला म्हणून माणसाला मागे सोडायचं, हे माझ्या हातून होणार नाही.

१९ जुलै

आज ग्रेसीमावशी आल्या. किल्ल्याकडच्या बाजूला त्यांचं घर आहे. पदरातून काढून त्यांनी एक फोन काउंटरवर ठेवला. काच तडकलेली, कडांना मिठाची पांढरी रेघ.

हा फोन कोणा एकाचा नाही, होडीचा आहे. इथे तशी पद्धत दिसते. फोन होडीतच राहतो, आणि सगळ्या खलाशांचे अंगठे त्यात घातलेले असतात. समुद्रात ज्याचा हात मोकळा असेल त्यानं उघडायचा. मावशींच्या फोनमध्ये पाच अंगठे आहेत: मुलगा रायन, दीर युजीन, दोन खलाशी, आणि नवरा व्हिन्सेंट.

व्हिन्सेंट गेल्या हंगामात जाळ्याच्या दोरीबरोबर पाण्यात गेले. सापडले नाहीत. इथली रीत अशी: समुद्र माणूस परत देत नाही तोवर त्याचा अंगठा फोनमधून काढायचा नाही, त्याला खलाशांतच धरायचं. मावशींनी अजून चर्चमध्ये त्यांच्या नावानं मृतांसाठीची मिस्साही करवलेली नाही. व्हिन्सेंटच्या अंगठ्यावर दोरीनं कापल्याचा आडवा वण होता, त्यामुळे फोन त्यांना पटकन ओळखायचाच नाही. मावशी हसत म्हणाल्या, तीनदा दाबायचा न् चौथ्यांदा शिवी द्यायचा, मंग उगडायचा.

अडचण अशी. १ ऑगस्टला होड्या निघतील. मच्छीमार सोसायटीनं यंदा नवीन ॲप आणलंय. ते वादळाचा इशारा देतं आणि निघताना-परतताना अंगठ्यावरून प्रत्येकाची हजेरी घेतं. पण ते नव्या आवृत्तीवरच चालतं. या फोनची आवृत्ती फार जुनी. मावशींनी विचारलं, “बाय, याला नवा येल का गो? माजा पोर इशाऱ्याबिगर पान्यात जायाचा नाय.” मग हळूच म्हणाल्या, पन त्याच्या अंगठ्याला हात नको लावू.

मी शब्द दिला.

२६ जुलै

मावशींचा फोन दुकानातच ठेवून घेतलाय, आठवडाभर रोज तपासत होते. आज सकाळी पडद्यावर आलं: अपडेट उपलब्ध आहे. मी खुर्चीतून उडीच मारली. हंसाबेन म्हणाल्या, लग्न ठरलं काय?

पण पुढे सरकेना. जागा अपुरी. फोटो काढले, गाणी काढली, तरी अपुरी. एकच मार्ग उरतो, फोन आतून पूर्ण पुसायचा आणि मग अपडेट घ्यायचं. फोटो, नंबर आधी बाजूला काढून ठेवता येतात. अंगठा येत नाही. फोनच्या आत तो जिथे राहतो तिथून त्याला कोणीच बाहेर काढू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही.

हंसाबेन म्हणाल्या, ग्रेसीला विचार. मला माहीत आहे, मावशी नाही म्हणतील, आणि रायन इशाऱ्याशिवाय जाईल. त्याचं वय माझ्याएवढं आहे.

२८ जुलै

पुसला. अपडेट झालं. ॲप चाललं.

रायन, युजीनकाका आणि दोघे खलाशी येऊन नव्यानं अंगठे देऊन गेले. नवी आवृत्ती आली म्हणून द्यावे लागतात, असं मी सांगितलं. ते खरंच होतं, अर्धं. रायननं विचारलं, पप्पाचा? मी म्हटलं, आहे. त्यानं ओळी न बघताच फोन माझ्याकडे सरकवला. त्याला कळलं असावं, आणि त्याला ते चालत असावं.

पण मावशी बघतील. त्यांना वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. म्हणून पाचव्या जागी मी माझा उजवा अंगठा दिला. फोन म्हणाला, उचला, पुन्हा ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. वर्तुळ भरलं. नाव मागितलं. मी लिहिलं, व्हिन्सेंट.

कोणाचं काही बिघडत नाही. हे मी बसमध्ये स्वतःला सांगत आले.

३० जुलै

मावशींनी बोट ठेवून एकेक ओळ मोजली. विचारलं, यातला तो कोनता? मी दाखवली. त्यांनी क्रूस केला आणि त्या ओळीला हळूच हात लावला, ताप बघायला कपाळाला लावतात तसा.

माझा अंगठा एकदम गार पडला. मी हात टेबलाखाली घेतला.

२ ऑगस्ट

आज सुट्टी घेतली. रेशनच्या केवायसीला आईबरोबर गेले. मशीन माझा अंगठा घेईना. पुसून, घासून, पुन्हा पुन्हा. आईचा पहिल्याच वेळी घेतला. तिला केवढा आनंद झाला! सगळ्या रांगेसमोर म्हणाली, “जन्मभर भांडी घासली मी, आणि अंगठा झिजला हिचा!” रांग हसली. मीही हसले.

माझा स्वतःचा फोनही मला ओळखत नाही. अंगठ्याची त्वचा फार वेळ पाण्यात ठेवल्यासारखी सुरकुतली आहे. सर्व्हिसिंगचं द्रव लागलं असेल.

५ ऑगस्ट

रायन आला होता. ॲपमध्ये गडबड आहे, म्हणाला. चौघे गेले, हजेरी पाच. चौघे आले, हजेरी पाच. युजीनकाकांनी धास्तीनं जेवण कमी केलंय. आणि फोन खणात ठेवलेला असतो, कोणी हात लावत नाही, तरी उघडतो. काचेवर ओला अंगठा उमटलेला असतो.

ओला अंगठा कुठलाच फोन ओळखत नाही. मी त्याला हे समजावून सांगितलं. बराच वेळ सांगत राहिले. जाताना म्हणाला, तू शिकलेली आहेस, तू सांगतेस तर असेल.

कंपनीला तक्रार लिहिली आहे. फार दमले.

८ ऑगस्ट

मावशींनी ओले बोंबील आणून दिले. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रायन त्यांना रोज हजेरी वाचून दाखवतो. त्यांनीच हट्ट धरलाय. रोज तीच ओळ. व्हिन्सेंट: परत आला. मावशी रोज दुपारी दोन कप चहा ठेवतात. म्हणाल्या, दुसरा कप रिकामा होतो गो, न् तळाशी मीठ राहतं. साखर विसरली का म्हणून चाखून बघितला.

हंसाबेन माझ्याकडे बघत होत्या. मावशी गेल्यावर एवढंच म्हणाल्या, तू काय केलंस, पोरी?

मी सांगितलं सगळं. त्यांनी कोणताही विनोद केला नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि देवाजवळ अगरबत्ती लावली.

१० ऑगस्ट

कंपनीचं उत्तर आलं. नम्र आहे. तक्रारीबद्दल दिलगीर आहोत. परंतु आपण कळवलेल्या मॉडेलसाठी हे अपडेट पाठवण्यात आलेलं नाही. पाठवण्याचं नियोजनही नाही.

मग त्या दिवशी काय आलं? माझ्या डोळ्यांसमोर आलं. मीच ‘स्वीकारा’ दाबलं. मी काय आत घेतलं?

अंगठ्यावर आडवी रेघ उमटली आहे. मला कुठे काही लागलं नाही. मी कधी दोरी ओढली नाही—

११ ऑगस्ट

मावशींकडून फोन मागून आणला. पाचवी ओळ पुसली. ‘हटवा’, ‘हो’. गेली. फोन खाली ठेवला, उचलला, ओळ परत तिथेच. पुन्हा पुसली. पुन्हा तिथेच.

भर दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक होतं. एकानं विचारलं, ताई, माझ्या फोनला येणार का? मी ओरडले, नको! घेऊ नका! तो घाबरून गेला. हंसाबेननं मला पाणी दिलं. ते मला खारट लागलं.

फोन परत द्यावा लागला. होडीला हजेरी लागते.

१२ ऑगस्ट

आज हजेरी चार.

युजीन: परत आला. दोघे खलाशी: परत आले. व्हिन्सेंट: परत आला.

रायन: समुद्रात.

पण रायन घरी आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. खाटेवर बसला होता. कपडे बदलले तरी ओले होतात, म्हणाला. त्याचा उजवा अंगठा पाहिला. गुळगुळीत, एकही रेघ नाही, धुऊन काढल्यासारखा. बोलताना तोंडातून पाणी येतं. तो ते लाजून पुसतो.

युजीनकाका दारातून म्हणाले, समिंदराचा हिशोब त्याच्याकडं असतो. एक आपल्यात जास्त धरला तर तो एक घेनार.

मीच धरला. मेलेल्याच्या नावावर जिवंत अंगठा—

१३ ऑगस्ट

मावशींना सांगितलं.

त्यांच्या दारात उभी राहून सगळं, पहिल्यापासून. पुसलेला अंगठा, माझा अंगठा, नाव. वाटलं मारतील. त्या चहा गाळत होत्या, गाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “माज्या नवऱ्याला तू दोनदा बुडवलास गो.”

मी म्हटलं, पुसलं जात नाही. पण नाव बदलता येतं. ओळीपुढे पेन्सिलचं चिन्ह आहे. ज्याचा अंगठा त्याचं नाव लिहिलं तर हिशोब खरा होईल. मग व्हिन्सेंट उरणार नाहीत. कुठेच.

त्यांनी विचारलं, न् तू?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

आतून रायनच्या खोकल्याचा आवाज आला. पाण्याचा. त्यांनी दुसरा कप मोरीत ओतला, विसळला, पालथा घातला. फोन माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. मग माझा अंगठा हातात घेऊन पदरानं पुसला. पुसून कोरडा झाला नाही.

१४ ऑगस्ट

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाईट आहे.

बदललं. दुकानात, काउंटरवर, उजेडात. व्हिन्सेंट खोडलं. माझं नाव लिहिलं, संपदा. फोननं विचारलं, नक्की? मी हो दाबलं. हे लिहायच्या आधीच दाबलं, म्हणजे लिहिता लिहिता भीती वाटून मागे फिरायला नको.

मावशींचा निरोप आला. रायन कोरडा आहे. भूक लागली म्हणाला. अंगठ्यावर रेघा आल्यात, त्याचा स्वतःचा फोन त्याला ओळखतो. त्या मिस्सा सांगायला चर्चमध्ये गेल्या.

बरं झालं. खरंच बरं वाटलं. थोडा वेळ—

हंसाबेन विचारतायत, काउंटर ओला कसा. पुसतायत. पुन्हा—

परवाचीच हजेरी पुन्हा बघितली, बदलली आहे. युजीन परत आला. खलाशी परत आले. रायन परत आला.

संपदा—

आईला फोन लावला. तिचा आवाज येतोय, ती हॅलो हॅलो करतेय, माझा तिच्यापर्यंत जात नाही. ती म्हणतेय नुसतं पाण्याचं—

गुडघ्यापर्यंत. दुकानात कोणालाच दिसत नाही. गार नाही. आई, मी खोटं फक्त एकदाच आणि ते मी दुरुस्त