न्हाव्याची दाढी

नाकावर राग घेऊन माहेरी गेलेल्या बायकोस,

"रोज एवढी गुळगुळीत दाढी कुणासाठी?" असं विचारून तू बॅग भरलीस. खरं सांगू? महिनाभर वस्तरा लावलाच नव्हता. दाढी वाढतच नव्हती. तुझ्याजवळ यावंसंही वाटत नव्हतं. दिवसभर लोकांच्या दाढ्या करणाऱ्या न्हाव्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग डॉक्टरांना पोटातल्या ग्रंथीवर गाठ सापडली. तिच्यामुळे कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढलं, दाढी उगवणारं पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन आटलं, तोंड भोपळ्यासारखं फुगलं. गाठ काढून चार महिने झाले. आज गालावरून हात फिरवला, तर खुंट टोचले! वस्तरा उचलला आणि परत ठेवला.

हे पत्र टाकत नाही. तसाच येतो. हवं तेवढं भांड, पण आधी गालाला हात लावून बघ.

तुझाच,
खरखरीत नवरा